टीसीच्या अर्जावर सही करू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात : सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगा सात वर्षांचा, खासगी विनाअनुदानित सेमी-इंग्रजी शाळेत दुसरीत शिकतो. चौथ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. बोलणं मोजकंच, पण वाचतो, बेरीज-वजाबाकी करतो, सोलापूर स्टेशनवरच्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. दिवाळीनंतर शाळेने ‘मधल्या सुट्टीनंतर रोज घेऊन जा’ असं सांगितलं, म्हणून आईने शिवणकामाची बाहेरची ऑर्डर घेणं बंद केलं. गेल्या महिन्यात मधली सुट्टी संपताना, गॅदरिंगच्या सरावाचा स्पीकर जिन्याखाली लावलेला असताना, पाण्याच्या नळापाशी रांगेत उभं असताना, त्याने पुढच्या मुलीला ढकललं. तिच्या कपाळाला खोक पडली. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गदारोळ झाला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आम्ही दीड वर्ष सांभाळून घेतलं. याला गतिमंदांच्या शाळेत घाला. टीसीचा अर्ज तुम्हीच द्या, म्हणजे त्याच्या रेकॉर्डवर काही येणार नाही. ठेवायचंच असेल तर तुमच्या खर्चाने पूर्ण वेळ शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारा मदतनीस) आणा. आणि गॅदरिंगच्या दिवशी त्याला पाठवू नका.” नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं तर मुलावर कायमचा शिक्का बसेल, असं त्याचं म्हणणं. आई विचारते, ‘शाळेने इतके दिवस ठेवलं हेच उपकार. भांडून त्याचंच नुकसान करण्यापेक्षा टीसी काढू का?’

---

प्रिय ताई,

तातडीचं आहे ते आधी सांगते. टीसीच्या अर्जावर सही करू नका. शाळेने छापील कागद पुढे केला तरी नको, ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे’ म्हणाले तरी नको. पुढे सगळं शांतपणे पाहून तुम्ही स्वतःच शाळा बदलायची ठरवलीत, तर तेव्हा सही करता येईल. पण एकदा तो अर्ज तुमच्या हस्ताक्षरात शाळेच्या फाइलला लागला की ‘मुलाला काढलं’ याचं ‘पालकांनी स्वेच्छेने नेलं’ होतं, आणि त्यानंतर तुमची तक्रार कुणी ऐकून घेणंच अवघड होऊन बसतं.

मुख्याध्यापिका तुमच्याकडूनच अर्ज का मागताहेत, याचं कारण कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे 2009 च्या आरटीईच्या, 16 व्या कलमानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. नापास करण्याबाबतची तरतूद 2019 मध्ये बदलली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच आहे. शाळेला हे ठाऊक असतं. म्हणून ‘त्याच्या रेकॉर्डवर काही येणार नाही’ या वाक्याने घाबरू नका. दुसरीतल्या मुलाचं असं कुठलं रेकॉर्ड डागाळत नसतं. त्या अर्जाने सुरक्षित होतं ते शाळेचं रेकॉर्ड.

इथे एक गोष्ट तपासून घ्या, कारण आपल्या सोलापुरात ती बऱ्याच शाळांना लागू पडते. तुमची शाळा भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक दर्जाची आहे का? सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानुसार आरटीई कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. तशी असेल तर तुमचा आधार 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या सगळ्या शिक्षणसंस्थांबद्दल त्याचं 16 वं कलम बोलतं : भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी, आणि त्याच्यापुरती वैयक्तिक मदत. या कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता मोजली आहे आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, त्यात नावानिशी आहे.

आता तुमच्या पत्रातल्या ‘उपकार’ या शब्दाकडे येते, कारण सगळा पेच मला तिथे दिसतो. तुम्ही फी भरता. मुलगा रोज गणवेश घालून जातो. दीड वर्षात शाळेने त्याच्यासाठी नेमकं काय केलं, तेवढंच एका कागदावर लिहून पाहा. वर्गबाईंनी स्वतःहून त्याला पुढच्या बाकावर बसवलं, वही पूर्ण झाली नाही तरी रागावल्या नाहीत, असं तुम्ही लिहिलं आहे. ते मनापासून मान्य करा, त्यांना तसं सांगाही. पण त्या बाईंचा चांगुलपणा वेगळा आणि शाळेची जबाबदारी वेगळी. उपकार समजून गेलात की माणूस मागायला लाजतो, अर्धा दिवस काढला तर अर्धा मिळाला म्हणून आभार मानतो. दिवाळीपासून तुमच्या घरात नेमकं हेच झालंय. मधल्या सुट्टीनंतर रोज घरी पाठवणं म्हणजे निम्म्या शाळेतून काढणंच झालं, फक्त त्याचा कुठे कागद नाही. हजेरीपटावर त्याची पूर्ण दिवसाची हजेरी लागते का, हे विचारा. लागत असेल तर ती खोटी आहे, आणि लागत नसेल तर कुणाच्या लेखी आदेशाने लागत नाही, हा पुढचा प्रश्न.

भांडणाची भीती मला कळते. मूल दिवसभर ज्यांच्या ताब्यात असतं त्यांच्याशी वाकडं घ्यायला कुठल्याही आईचा जीव धजत नाही. पण तुमच्यापुढे भांडण आणि माघार असे दोनच रस्ते आहेत, हे मी मानत नाही. लेखी, नम्र आणि नेमकं मागणं हा तिसरा रस्ता आहे आणि तो अजून कुणी चालून पाहिलेला नाही. आजवर सगळं तोंडी झालं, गेटवर, निम्मं रागात आणि निम्मं रडत.

मागायचं काय, हे ठरवण्यासाठी त्या ढकलण्याच्या प्रसंगाकडे जायला हवं. तुम्ही तो एका वाक्यात उरकलात, पण त्याच वाक्यात मला बरंच सापडलं. स्पीकर. जिन्याखालची जागा, जिथे आवाज घुमतो. रांग, म्हणजे मागच्याचा धक्का, पुढच्याची वेणी तोंडापाशी. मधली सुट्टी संपायची वेळ, म्हणजे आधीच अर्धा तास कोलाहल सोसून झालेला. अनेक ऑटिस्टिक मुलांना आवाज आणि स्पर्श तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी तीव्रतेने जाणवतात आणि ‘मला सहन होत नाहीये’ हे शब्दांत सांगणं त्या क्षणी जमत नाही. मग हात बोलतो. तुमचा मुलगा त्या मुलीवर चिडला नव्हता, त्याला तिथून बाहेर पडायचं होतं, असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर विसंबू नका. एक दोनशे पानी वही घ्या आणि पुढचे दोन-तीन आठवडे जेव्हा जेव्हा काही बिनसेल तेव्हा तीनच गोष्टी लिहा : आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. वेळ आणि जागा टाका. वर्गबाईंनाही एवढंच लिहून द्यायची विनंती करा. बहुतेक वेळा चार-पाच नोंदींतच दिसायला लागतं की गडबड दिवसभर नसते. ती ठरावीक वेळी, ठरावीक जागी होते. ‘मुलगा हिंसक आहे’ यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘मधली सुट्टी संपताना नळापाशी रांगेत त्रास होतो’ यावर उद्या सकाळी करता येतं.

त्या मुलीबद्दल. तिला लागलं आहे, ती घाबरली असेल आणि तिच्या आईचा राग खरा आहे. ग्रुपवर खुलासा लिहू नका, तिथे कुणाचंच समाधान होत नाही. फोन करा किंवा दोघं नवरा-बायको घरी जाऊन या, कपाळ कसं आहे विचारा. मुलाला काय होतं ते चार वाक्यांत सांगा आणि पुन्हा होऊ नये म्हणून शाळेकडे काय मागताय तेही सांगा. तुमच्या मुलाचा हक्क मान्य व्हावा म्हणून तिची सुरक्षितता कमी महत्त्वाची ठरवायची गरज नाही. शाळेने रांगेचा बंदोबस्त केला तर दोघांचंही भलं आहे.

आता अर्ज. मुख्याध्यापिकांच्या नावे, साध्या मराठीत, एक पान. निदानाचा कागद जोडा. खालचं सगळं एकदम मागू नका, तुमच्या वहीतून जे निघेल त्यातलं चार-पाच निवडा. मधल्या सुट्टीला आणि पाण्याला त्याला वर्गाच्या पाच मिनिटं आधी सोडावं. परिपाठाला तो स्पीकरपासून लांब, रांगेच्या टोकाला उभा राहील किंवा कानावर आवाज कमी करणारे हेडफोन लावेल. फार झालं की बाईंना दाखवायचं एक कार्ड त्याच्याजवळ असेल आणि ते दाखवल्यावर दहा मिनिटं ग्रंथालयात किंवा ऑफिसच्या बाकावर बसता येईल. लिहिणं निम्मं, बाकीचं तोंडी. दिवसाचं वेळापत्रक बाकावर चिकटवलेलं.

या शेवटच्या गोष्टीसाठी तुमच्याकडे तयार भांडवल आहे. ज्या मुलाला हुतात्मा, सिद्धेश्वर आणि इंद्रायणीच्या वेळा पाठ आहेत, त्याच्या शाळेच्या दिवसाचं रेल्वेसारखं वेळापत्रक करा. परिपाठ, गणित, मराठी, मधली सुट्टी, प्रत्येक ‘स्टेशना’ला वेळ आणि छोटं चित्र. बदल असेल तर ‘गाडी उशिरा’ किंवा ‘मार्ग बदलला’ अशी चिठ्ठी आदल्या दिवशी. पुढे काय येणार हे दिसलं की या मुलांचा निम्मा ताण उतरतो. आणि हे आताच सुरू करा, कारण उन्हाळा लागला की शाळा सकाळची होते. चाळिशी पार करणाऱ्या उन्हात ते योग्यच आहे, पण उठण्यापासून डब्यापर्यंत त्याचा अख्खा दिवस रातोरात उलटापालटा होणार. शाळेकडून ती तारीख आठवडाभर आधी मागून घ्या.

अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर तारीख, शिक्का आणि सहीसह पोहोच घ्या. पोहोच द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा. भेट झाली की त्याच संध्याकाळी ‘आज आपलं असं असं बोलणं झालं’ एवढा मेसेज मुख्याध्यापिकांना करा. यात चिडण्यासारखं काही नाही, बँकेत स्लिप घेतोच की आपण.

शॅडो टीचरचं काय? सोबत एक मोठं माणूस असल्याने काही मुलांना खरंच आधार होतो. पण सुचवणं वेगळं आणि ‘तुमच्या खर्चाने आणा, नाहीतर जा’ अशी अट घालणं वेगळं. गरजेप्रमाणे मदत देण्याचं कर्तव्य कायद्याने संस्थेवर ठेवलं आहे. शिवाय दिवसभर कुणी चिकटून बसलं की बाकीची मुलं त्याच्याशी बोलेनाशी होतात आणि बाईही त्याला त्या माणसाच्या हवाली करून मोकळ्या होतात, हा तोटा मोठा आहे. तुमच्या नोंदींतून गरज फक्त मधल्या सुट्टीभोवतीची निघाली, तर शाळेतल्या मावशींनी तेवढा अर्धा तास लक्ष ठेवणं पुरेल. वर्गबाईंना प्रशिक्षण नाही, ही अडचण खरी आहे. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आणि विषयतज्ज्ञ असतात, ते साधन केंद्रात भेटतात. त्यांनी शाळेला भेट द्यावी, असा अर्ज महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागातल्या प्रशासन अधिकाऱ्यांकडे करा. अशी माणसं कमी आहेत, तीही खरी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकच्या दर 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं, पण प्रत्यक्षात आपण त्यापासून फार दूर आहोत. म्हणूनच मागणाऱ्यांची नोंद होणं गरजेचं आहे. खासगी थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक शोधलात तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, ते आधी विचारा.

प्रमाणपत्राबद्दल तुमच्या मिस्टरांशी मला बोलायला आवडेल. शिक्क्याची भीती बापाच्या मायेतूनच येते, तिला हसू नका. पण त्यांना विचारा, शिक्का अजून बसायचा राहिलाय का? ग्रुपवर जे शब्द वापरले गेले, ते काय होते? प्रमाणपत्र हे गळ्यात अडकवून फिरायचं नसतं, ते फाइलमध्ये राहतं आणि लागेल तेव्हा बाहेर येतं. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगता नोंदली गेली की 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क 2016 च्या कायद्याचं 31 वं कलम देतं, जवळच्या शाळेत किंवा मुलाच्या पसंतीच्या विशेष शाळेत. पसंती मुलाची, हे मुख्याध्यापिकांनीही वाचायला हवं. पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती यावरच मिळतात. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो आणि त्यात थेरपीही धरली आहे. महिन्याला थेरपीवर काय जातं ते तुम्हीच जाणता. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, मग तपासणीला आपलं सिव्हिल. तिथे बालरोग आणि मानसोपचार विभागात फेऱ्या होतील, निदानाचे सगळे जुने कागद आणि त्यांच्या झेरॉक्स घेऊन जा, मुलासाठी डबा आणि हेडफोन विसरू नका. शाळेकडे केलेल्या अर्जाला मात्र प्रमाणपत्रासाठी थांबवू नका. तो निदानाच्या कागदावर आजही देता येतो.

(ज्यांची मुलं अजून पहिलीच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांच्यासाठी : आरटीईच्या 25 टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. प्रमाणपत्र मात्र लागतं, म्हणून ते प्रवेशाच्या आधीच हातात असू द्या.)

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंत की ‘घरात एकच भाषा ठेवा’ असं कुणीतरी सांगितल्यामुळे सासूबाईंनी त्याच्याशी तेलुगू बोलणं सोडलं, आणि मराठी त्यांना नीट येत नसल्याने आता त्या गप्पच असतात. ताई, हे मला शाळेच्या प्रकरणाइतकंच लागलं. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिस्टिक मुलाचं बोलणं आणखी मागे पडत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पूर्व भागातली कितीतरी मुलं घरात तेलुगू, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी बोलत मोठी होतात. आजीला तिची भाषा परत द्या, आजच.

आता मुख्य प्रश्न : याच शाळेत राहावं का? मी त्याला चिकटून बसा म्हणणार नाही. दोन-तीन महिने लेखी मागून, वाट पाहून, काहीच हललं नाही तर शाळा बदलणं शहाणपणाचं ठरू शकतं. महापालिकेच्या शाळा तुमच्या यादीतही नाहीत, त्या घाला. इंग्रजीचा हट्ट थोडा बाजूला ठेवला तर काही ठिकाणी पट कमी असल्याने वर्ग शांत मिळतो, समग्र शिक्षेचे शिक्षक तिथे येणं सोपं पडतं, आणि सोलापुरात मनपाच्या तेलुगू माध्यमाच्याही शाळा आहेत. विशेष शाळा हा काही पराभव नाही. काही मुलं तिथेच फुलतात. पण तुमचा मुलगा वाचतो, गणित करतो. ‘गतिमंद’ आणि ‘ऑटिस्टिक’ हे एकच समजून कुणी तिकडे बोट दाखवत असेल, तर त्या बोटावर निर्णय घेऊ नका. स्वतः जाऊन एक अख्खी सकाळ बसा, त्याच्यासारखी बोलणारी-वाचणारी मुलं आहेत का, त्यांना शिकवतात की नुसती सांभाळतात, ते पाहा. घरी शिकवण्याचा पर्याय कायद्यात आहे तो तीव्र किंवा बहुविध दिव्यांगता असलेल्या मुलांसाठी. शाळेची सोय म्हणून तो पत्करू नका. आणि पुण्याला बिऱ्हाड हलवायचा विचार तुमच्या बहिणीने सुचवला असला तरी आत्ता नको. तिथे थेरपिस्ट जास्त आहेत, पण आजी, ओळखीची गल्ली आणि नवऱ्याचं काम सोडून जाण्याची किंमत मूलही मोजतं.

शाळेने अर्जाला दाद दिली नाही, किंवा परस्पर नाव कमी केलं, तर आरटीईखाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिकेकडे, लेखी तक्रार करा. कलम 32 प्रमाणे तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. प्रत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पुढचं अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. 2016 च्या कायद्याखालची तक्रार पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे जाते. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि तुमची बाजू तुम्ही स्वतः मांडू शकता. तिथे तुमची पोहोच आणि ती वही कामाला येईल. पण या पायऱ्यांची धमकी पहिल्या भेटीत देऊ नका. बहुतेक मुख्याध्यापक कलमांनी नव्हे, पालकांच्या ग्रुपने घाबरलेले असतात. त्यांना संस्थाचालकांपुढे दाखवायला एक आखलेली योजना तुम्ही दिलीत, तर त्याच तुमच्या बाजूने बोलू लागण्याची शक्यता आहे.

भेटीला मिस्टरांना पाळी बदलून घेऊन बरोबर न्या, मुलाला नेऊ नका. आईला ‘तुम्ही फार हळव्या’ म्हणून गप्प करणं सोपं असतं, दोघं बसलात की तसं होत नाही. आधी वर्गबाईंचे आभार, मग अर्ज, मग पूर्ण दिवस कोणत्या तारखेपासून सुरू होणार हा प्रश्न, आणि उठण्यापूर्वी महिन्याने पुन्हा भेटायची तारीख. पूर्ण दिवस एकदम जमणार नाही म्हणाले, तर दर आठवड्याला एक तास वाढवत नेण्याचं मान्य करा, पण शेवटची तारीख कागदावर हवी.

गॅदरिंगचंही त्याच अर्जात घ्या. त्याला पाठवू नका, असं सांगण्याचा अधिकार शाळेला नाही. स्पीकर आणि गर्दी पाहता त्याला कदाचित तिथे जायचंच नसेल, किंवा फक्त रंगीत तालीम पाहून घरी यायला आवडेल, किंवा पडद्यामागे कार्यक्रमांची क्रमवारी सांगायचं काम तो चोख करेल. त्याला चित्रं दाखवून विचारा आणि जे म्हणेल ते बाईंना कळवा.